घरशाळा: ‘हा बघून शिकतो, ती ऐकून शिकते’ – मग अभ्यासक्रम कोणता घ्यायचा?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

दर जूनमध्ये घरशाळेच्या (मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्यांच्या) गटांवर एकच प्रश्न फिरतो: ‘मुलगा चित्रं बघून शिकणारा, मुलगी धावतपळत शिकणारी, तर कोणता अभ्यासाचा संच घेऊ?’ उत्तरादाखल पाचसहा परदेशी नावं येतात, एक जाडजूड खोकं घरी येतं आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जातं.

हा धागा त्याच प्रश्नासाठी, पण जरा शिस्तीत. वय साडेचार ते आठ. घरची भाषा मराठी. चर्चेसाठी दोन मुलं धरू. धाकटी साडेपाच वर्षांची: गोष्टी तासभर ऐकते, अक्षरं दहाबारा ओळखते, पेन्सिल दिली की उठून जाते. थोरला सात वर्षांचा: शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतो, ‘सत्तावीस’ लिही म्हटलं की ७२ लिहितो, वाचताना ‘कविता’चं ‘किवता’ करतो.

विनंती इतकीच: ‘अमुक छान आहे’ एवढंच लिहू नका. काय करायचं, किती वेळ, कुठे अडतं आणि का, हे लिहा. आपापल्या पिल्लांचं कौतुक करायला वेगळा धागा आहे.

एकोणतीस

आधी ‘शिकण्याची शैली’ या शब्दालाच हात घालतो, कारण खोकी त्याच नावावर विकली जातात.

बघणारा, ऐकणारा, वाचणारा-लिहिणारा, हाताने करणारा ही चौकडी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगने १९९२ च्या सुमारास प्रश्नावलीच्या रूपात लोकप्रिय केली. कल्पना त्याच्याही आधीची. २००८ मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन चाळलं आणि एक साधी अट घातली. एकाच धड्याची चित्रांची आणि ऐकायची अशा दोन आवृत्त्या करा. ‘बघणाऱ्या’ आणि ‘ऐकणाऱ्या’ मुलांना दोन्ही वाटून द्या. शेवटी सगळ्यांची परीक्षा तीच. बघणारे चित्रांनी आणि ऐकणारे आवाजाने जास्त शिकले, तरच शैलीप्रमाणे शिकवण्यात अर्थ. या अटीत बसणारे अभ्यास त्यांना मोजकेच सापडले, आणि त्यातलेही बरेच उलट बाजूचे निघाले.

मुलांना आवडनिवड असते, ती कोणी नाकारत नाही. पण कोणत्या वाटेने शिकवायचं हे मुलापेक्षा विषय जास्त ठरवतो. नकाशा बघावाच लागतो. कवितेची चाल ऐकावीच लागते. नाडीची गाठ हातानेच येते, ती ‘ऐकणाऱ्या’ मुलालाही सांगून येत नाही.

जाता जाता, मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तांचा हवाला इथे नेहमी दिला जातो. बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याची शैली नव्हे, हे खुद्द गार्डनरनेच सांगून ठेवलंय.

गोधडी

एकोणतीस, पटलं, पण अर्धंच. एका आईबापाची दोन मुलं सारखी नसतात हे कळायला प्रश्नावली लागत नाही. धाकटीपुढे थोरल्याचीच वही ठेवली तर रडारड होणारच. मग फरक नेमका कशात असतो, तेही सांगा ना.

एकोणतीस

रास्त. फरक असतात, पण डोळे-कान-हात या खान्यांत ते मावत नाहीत. अभ्यासक्रम निवडताना कामाला येणारे हे:

किती वेळ बसवतं. साडेपाच वर्षांच्या मुलाला एका कामावर दहा-बारा मिनिटं, सात वर्षांच्याला पंधरा-वीस. एकेका धड्याला चाळीस मिनिटं लागणारा संच इथेच बाद.

हात किती तयार आहे. याची गल्लत सर्वांत जास्त होते. ‘गणित आवडत नाही’ असं वाटणाऱ्या निम्म्या वेळी गणित नाही, लिहिणं नकोसं असतं. तपासणी सोपी: तेच दहा प्रश्न एक दिवस तोंडी विचारा, दुसऱ्या दिवशी अंकांच्या कार्डांवर बोट ठेवायला सांगा, तिसऱ्या दिवशी वहीत लिहायला द्या. पहिल्या दोन्ही दिवशी आठ-नऊ बरोबर आणि तिसऱ्या दिवशी तीनच, तर अडचण बोटांची. धाकटीचं हेच दिसतंय. तिला ‘हालचालीने शिकणारी’ म्हणून मैदानावर पाढे म्हणायला लावून बोटांत ताकद येत नाही. कणीक मळणं, शेंगा सोलणं, कपड्यांचे चिमटे लावणं, खडूने उभ्या फळ्यावर मोठं लिहिणं याने येते. तोवर तिचा अभ्यास तोंडी आणि कार्डांवर चालू राहू दे.

आधीचं किती येतं. हा सगळ्यांत मोठा फरक आणि प्रश्नावलीत नेमका हाच नसतो. थोरल्याचं ७२ शैलीमुळे येत नाही, मराठी अंकनावांमुळे येतं. त्यावर चिंचोका लिहितीलच.

आणि चौथा: नव्याची भीती. काही मुलं चुकायला घाबरतात, त्यांना पाटी द्या. पुसता येतं, पुरावा उरत नाही.

चिंचोका

लिहितो. जरा लांबेल.

इंग्रजी संचातलं गणित मराठी तोंडाने शिकवायला गेलं की पहिला दगड लागतो तो अंकनावांचा. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतो, वीस नंतर. कागदावर २ आधी, ७ नंतर. मूल ऐकलं तसंच लिहितं, म्हणून ७२. दुसरा दगड एकोणचा. एकोणीस, एकोणतीस ते एकोणनव्वद, सगळीकडे ‘पुढच्या दशकाला एक कमी’. ‘एकोणतीस’ आणि ‘एकतीस’ घाईत सारखेच वाटतात, म्हणून २९ च्या जागी ३१. गंमत म्हणजे नव्व्याण्णव मात्र या रांगेतून फुटतो. तिसरा दगड अकरा ते अठरा: या नावांत ‘दहा’ कुठेच ऐकू येत नाही.

यावरून २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी नावं आली. जुनी काढली नव्हती, जोडीला दिली होती. पाठ्यपुस्तक समितीच्या मंगला नारळीकर बाजू मांडत होत्या, त्यांचा मुद्दा हाच होता: बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एक असला की मुलाचा एक अडथळा कमी होतो. विनोद खूप झाले, मुद्दा फार थोड्यांनी वाचला.

घरी करायचा क्रम असा. पुस्तकातला नाही, आणि तेच महत्त्वाचं.

१ ते १० पक्के झाल्यावर थेट १०, २०, ३० … ९०. आइस्क्रीमच्या ११० काड्या आणि अकरा रबरबँड आणा. दहाची मोळी मुलाने स्वतः बांधायची, तयार मोळ्या देऊ नका. मोळी सोडून पुन्हा दहा मोजता आल्या पाहिजेत, नाहीतर मोळी म्हणजे नुसती ‘एक जाड वस्तू’ राहते. याच कारणाने दहाच्या नोटेपासून सुरुवात करू नये. नोट फोडून दहा नाणी दिसत नाहीत, ती विश्वासावर घ्यावी लागते. मोळ्यांनंतर तीन-चार आठवड्यांनी नोटा.

मग २१ ते २८, ३१ ते ३८ वगैरे. प्रत्येक संख्येला दोन नावं: आधी ‘वीस आणि सात’, लगेच ‘सत्तावीस’. मूल आधी दोन मोळ्या मांडतं, मग सात सुट्या, मग डावीकडून लिहितं. रोज पाच संख्या, जास्त नकोत.

एकोणवाले त्यानंतर, गणितमाळेवर. शंभर मणी, दहा लाल दहा पांढरे असे आलटून पालटून. मणी १२ मिलिमीटरचे घेतलेत तर माळ १.२ मीटर भरते, दोरा १.६ मीटर घ्या म्हणजे मणी सरकवायला जागा राहते. दोरा ताणून गच्च बांधला की मणी सरकत नाहीत आणि माळ भिंतीची शोभा होते. तीस मण्यांनंतर चिमटा लावा, मग एक मणी मागे सरका: तिसाला एक कमी, एकोणतीस. डोळ्यांना दिसतं, तोंडाने म्हटलं जातं, हात सरकतो, तिन्ही एकदम. आता सांगा ही कोणत्या ‘शैली’ची?

अकरा ते अठराचं लेखन सर्वांत शेवटी. तोंडी मोजणं अर्थात आधीपासून चालूच.

दिल्लीची जोडो ज्ञान आणि मुंबईची नवनिर्मिती या संस्थांचं या पद्धतीचं साहित्य तयार मिळतं. घरीही होतं, वर सांगितलंच.

मोरपीस_७

चिंचोका, वाचनखूण साठवली. एक शंका. मोळ्यांवर सगळं येतं आणि वहीत काहीच येत नाही, असं होतं. मग हे सगळं व्यर्थ का?

चिंचोका

व्यर्थ नाही, मधली पायरी गाळलेली असते. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनरने १९६६ मध्ये तीन टप्पे मांडले: हाताने करणं, चित्रात बघणं, चिन्हात लिहिणं. सिंगापूरच्या गणिताची सगळी इमारत यावर उभी आहे. मोळ्यांवरून थेट ‘२७ + १५’वर उडी मारली की मूल पडतं. मध्ये आठ-दहा दिवस चित्र हवं: मोळीला उभी रेघ, सुटीला टिंब. २७ म्हणजे दोन रेघा सात टिंबं. बेरजेत दहा टिंबांभोवती गोल काढून त्याची रेघ करायची. हे जमलं की शेजारी अंक.

तीन टप्पे म्हणजे तीन प्रकारची मुलं नव्हेत. प्रत्येक मूल तिन्हींतून जातं, कोणी चार दिवसांत, कोणी चार आठवड्यांत. संच विकत घेताना नेमकं हेच बघा: मधल्या चित्रांच्या टप्प्याला पानं किती दिली आहेत? बहुतेकांत रंगीत चित्रं खच्चून असतात, पण ती सजावट असते, मुलाने काढायचं चित्र नसतं.

तिरकी_रेघ

गणिताचं झालं. वाचनाकडे वळू, कारण परदेशी संच मराठी घरात सर्वांत जास्त इथे आपटतात.

इंग्रजीचे फोनिक्स संच एका ध्वनीला एक अक्षर या हिशेबाने चालतात. ‘जॉली फोनिक्स’चा पहिला गट एस, ए, टी, आय, पी, एन. इंग्रजीपुरतं उत्तम. पण देवनागरीचं अक्षर हा ध्वनी नाही, स्वर मिसळलेला अख्खा घास आहे. त्यामुळे ‘क कमळाचा’ची रंगीत कार्डं ही फोनिक्सची नक्कलही नव्हे आणि मराठी वाचनही नव्हे. क ते ज्ञ पाठ असलेलं मूल ‘काका’ वाचत नाही, कारण त्याला काना कधी भेटलेलाच नसतो.

काम करणारा रस्ता अक्षरगटांचा. पहिला गट: म, क, न, ल आणि काना. एवढ्या पाचांत मामा, काका, नाना, कान, नाक, काम, लाल, माल, मान, काल, मला, नका इतके शब्द होतात. पहिल्याच आठवड्यात मूल खरे शब्द वाचतं. दुसरा गट: स, ब, त, र आणि दुसरी वेलांटी. तिसरा: घरातल्या माणसांच्या नावांतली उरलेली अक्षरं, आणि मात्रा. गटाला साधारण दोन आठवडे. पुढे कधी जायचं? त्या गटाचे न पाहिलेले दहा शब्द द्या. आठ बिनमदत आले तर पुढे, पाच ते सात तर आणखी चार दिवस तिथेच, पाचाच्या खाली तर एक गट मागे. तारखेवर नाही, यावर.

आता ‘किवता’. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. ‘कविता’मध्ये ती क आणि व यांच्या मध्ये उभी, मूल डावीकडून येतं आणि ती क ला चिकटवतं. थोरल्याची चूक तर्काला धरूनच आहे. उपाय: पहिली वेलांटी दुसरीच्या नंतर किमान महिन्याने आणा, आणि वेलांटी तिच्या अक्षरासकट एकाच कार्डावर लिहा: ‘वि’ हा एक तुकडा. क | वि | ता अशी तीन कार्डं मांडून वाचायची. दहाबारा दिवसांत सुटतं. ‘वर्ग’ला ‘वगर’ वाचणं ही याचीच बहीण: रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चार त्याच्या आधी. जोडाक्षरं सुरू झाल्याशिवाय रफाराला हात लावू नका.

बाराखडी पाठ करू नये असं नाही. पण ‘क का कि की’ चालीत म्हणणारं मूल सुटं ‘की’ ओळखेल याची हमी नाही. उलटसुलट विचारा.

सारखी दिसणारी जोडी एका गटात घेऊ नका: घ-ध, भ-म, थ-य, प-ष. आणि ‘ख’ सैल लिहिला की ‘रव’ होतो. तसंच च आणि ज. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळे. अक्षर शिकवताना दोन्ही ऐकवा, नाहीतर मूल ‘चमचा’पाशी थबकतं आणि आपण त्याला दोष देतो.

अवांतर: यूट्यूबवरच्या ‘मराठी’ अक्षरांच्या चित्रफितींत ल आणि श अनेकदा हिंदी वळणाचे असतात. पुस्तकात वेगळं आणि पडद्यावर वेगळं बघून मूल विचारतं, हे कोणतं? दोन्ही चालतं म्हणून सांगा, पण लिहायला एकच वळण ठेवा.

गोधडी

तिरकी_रेघ, +१. पण इंग्रजीचं काय? दोन लिप्या एकदम चालतात की नाही?

तिरकी_रेघ

ऐकणं-बोलणं एकदम चालतं, हवंच. वाचन एका लिपीत आधी. दुसरीला हात घालायची खूण: पहिल्या लिपीत काना-वेलांटी-मात्रेचे साधे शब्द मूल अक्षर अक्षर न लावता वाचू लागलं की. बहुतेकांना चार ते सहा महिने. त्याआधी दोन्ही सुरू केलं तर ‘ल’ आणि इंग्रजी अक्षरं यांची खिचडी होत नाही, ती भीती उगाच असते. खरी अडचण वेळेची: वीस मिनिटांतली दहा-दहा वाटली की कशालाच पुरत नाहीत.

सह्यकडा

आता संचांबद्दल, कारण धाग्याचा प्रश्न तोच होता आणि आपण तो सोडून सगळं बोललो.

बालभारती. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट उतरवता येतात. कणा म्हणून ठेवायला चांगलं: काय आलं पाहिजे याची यादी मिळते. पण एकच एक पुस्तक धरून घरी शिकवणं कंटाळवाणं, कारण ते तीस-चाळीस मुलांच्या वर्गासाठी रचलंय. पाठाखालचे स्वाध्याय सगळे करायची गरज नाही, दर तिसरा पुरतो.

एनसीईआरटीचं (केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था) पहिली-दुसरीचं ‘आनंदमय गणित’ फुकट, चित्रं छान, कृती भरपूर. हिंदी आवृत्तीत अंकनावं हिंदी, तेव्हा पान मुलापुढे ठेवा पण वाचून तुम्ही दाखवा. ‘उनतीस’ आणि ‘एकोणतीस’ एका आठवड्यात नकोत.

माँटेसोरी. पहिलं बालगृह १९०७, रोम. मारिया माँटेसोरी स्वतः १९३९ ते १९४६ बहुतेक काळ भारतात होत्या. खरं बळ साहित्यातल्या ‘चूक आपली आपण कळावी’ या रचनेत. तोटा: अस्सल साहित्य महाग आणि घरभर पसरतं. पण तेच घ्यायला हवं असं कोणी सांगितलं? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं. तिथे खडे, पानं, काड्या, बिया हेच साहित्य होतं. आधी तत्त्व घ्या, पेटी नंतर.

शार्लट मेसन या इंग्लंडच्या शिक्षणतज्ज्ञ बाईंची पद्धत. छोटे पाठ, निसर्गाची वही, आणि ‘ऐकून सांगणं’: उतारा एकदाच वाचायचा, मग मुलाने आपल्या शब्दांत सांगायचा. धाकटी गोष्टी तासभर ऐकते ना, तिला हे जमेल. पण ऐकते म्हणजे समजतं असं नाही, सांगायला लावलं की कळतं. सुरुवातीला चार-पाच वाक्यांचाच उतारा घ्या. पुस्तकांची इंग्लंडची यादी जशीच्या तशी उचलू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट आहेत, बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंकही बघायला मिळतात.

रुडॉल्फ स्टाइनरची अर्थात वॉल्डॉर्फ पद्धत. १९१९ पासून. एकच विषय रोज, तीन-चार आठवडे सलग. वाचन सातव्या वर्षाच्या आसपास. ज्याला सारखं विषय बदलणं जमत नाही त्याला हे सोयीचं. अडचण एकच: मध्येच शाळेत घालायचं ठरलं तर पहिली-दुसरीचं वाचन मागे पडलेलं असतं, त्याची तयारी ठेवा.

राहिले रोजचं वेळापत्रक छापून देणारे खोकेबंद संच. त्यात पालकाला दिलासा विकत मिळतो. वाईट नाही, फक्त कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

मोरपीस_७

पैसे देण्याआधी करायची चाचणी लिहिते. बहुतेक संचांचे नमुना पाठ फुकट मिळतात.

दहा दिवस, रोज एकच पंधरा मिनिटांचा पाठ, ठरलेल्या वेळी. शक्यतो सकाळच्या खाण्यानंतर. जेवणाआधीची चाचणी भुकेची होते, संचाची नव्हे. एका वहीत तीनच नोंदी: मूल कितव्या मिनिटाला उठलं, बिनमदत काय केलं, आणि दर चौथ्या दिवशी, तीन दिवसांपूर्वीचं काय आठवतं, काही न दाखवता विचारून.

पहिले तीन दिवस मोजू नका, नवेपणाने सगळंच आवडतं. दहाव्या दिवशी बघायचं ते असं: मूल आनंदाने बसलं पण आठवत काहीच नाही, तर संच करमणूक आहे. कुरकुर करतं पण आठवतं, तर पाठ लहान करा, संच ठेवा. कुरकुरही आणि आठवतही नाही, तर बहुधा एक पायरी वरचं आहे, मागची घ्या. पहिल्या पाच मिनिटांत सगळं संपवून उठतं, तर पुढची.

‘आवडलं का?’ हा प्रश्न मुलाला विचारू नये. आपल्या तोंडाकडे बघून उत्तर येतं.

सह्यकडा

मोरपीस, ही वही दोघांची वेगळी ठेवायची ना?

मोरपीस_७

वेगळीच. आणि संचही दोघांना एकच असायचं कारण नाही. एकत्र काय घ्यायचं आणि वेगळं काय, एवढं ठरवा. गोष्ट, गाणी, निसर्गाची वही, स्वयंपाकातलं मोजमाप, चित्रकला हे एकत्र. वाचन आणि गणित वेगळं, कारण तिथे पायऱ्या असतात.

साधारण सकाळ: ९ ला दोघांना गोष्ट आणि सांगणं, १५ मिनिटं. मग थोरल्याचं गणित २० मिनिटं, तेव्हा धाकटी शेजारी माती किंवा कणकेशी. मग धाकटीची अक्षरकार्डं १२ मिनिटं, तेव्हा थोरला चित्रातल्या रेघा-टिंबांची दोनच उदाहरणं एकटा सोडवतो. दोनच, कारण तिसऱ्याला तो हाक मारतो. खाणं. मग थोरल्याचं वाचन १५ आणि लेखन १०, धाकटीचे मणी-काड्या १०. धाकटीचं टेकून बसणं चाळीस मिनिटांच्या आत, थोरल्याचं सव्वा तासाच्या आत. उरलेला दिवस मोकळा. शाळेच्या पाच तासांची बरोबरी करायला जाऊ नका, त्यातला बराच वेळ हजेरी, रांगा आणि वह्या तपासण्यात जातो.

गोधडी

पाढ्यांबद्दल कोणीच बोललं नाही! ‘ऐकणाऱ्या’ मुलांना पाढे, ‘बघणाऱ्यांना’ तक्ते, असं सर्रास सांगतात.

चिंचोका

पाढे सगळ्यांनीच म्हणावेत. ‘बे दुणे चार, बे त्रिक सहा’ची लय ही मराठीची आयती मिळकत आहे. चाल बसली की विसरणं कठीण. दोष कुठे आहे? ‘सहा आठे?’ विचारलं की मूल ‘सहा एके सहा’पासून सुरू करतं. माळ तुटत नाही. म्हणून पाढा पाठ झाल्यावर तो मोडायला शिकवा: रोज पाच प्रश्न, मधूनच, उलटे. आणि पाठ व्हायच्या आधी चिंचोक्यांच्या रांगा मांडा, सहाच्या आठ रांगा. ताट फिरवलं की आठाच्या सहा रांगा होतात. सहा आठे आणि आठ सख एकच, हे कळलं की पाठांतर जवळजवळ निम्म्यावर येतं.

घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर चिंचोके, हरभरे, मणी काही नको. नाकात आणि घशात जातात. बाटल्यांची मोठी झाकणं घ्या.

एकोणतीस

एक सूचना, गंभीर. ‘हा बघून शिकतो, ऐकून याला कळतच नाही’ असं कोणी म्हटलं तर शैली ठरवण्याआधी कान तपासा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येतं, आणि ते येत-जात असल्याने लक्षात येत नाही. ‘ऐकून शिकते, पुस्तक नको म्हणते’ तर डोळे तपासा.

अक्षरगट नीट, रोज, सहाआठ महिने करूनही साधे शब्द लागत नसतील तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडण्याची) शंका तज्ज्ञाला विचारावी. प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, पण मदत त्याआधी सुरू करायला कोणाची हरकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता समाविष्ट आहे. मुंबईत शीव रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. मात्र ‘किवता’, ७२, किंवा सहाव्या वर्षी उलटी अक्षरं एवढ्यावरून घाबरू नका, ते लिपीचं आणि वयाचं आहे.

सह्यकडा

कायद्याचं थोडक्यात, नाहीतर धागा तिकडेच वाहून जाईल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. घरशाळेसाठी त्यात वेगळी तरतूद नाही, पालकांना दंड ठेवणारं कलमही नाही. अभ्यासक्रमाच्या निवडीशी संबंध कलम ४ चा: शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश. म्हणजे नऊ वर्षांचं मूल परतलं तर चौथीच्या आसपास बसणार. तेव्हा कोणताही संच घ्या, आठव्या वर्षाअखेर मराठी परिच्छेद वाचून सांगता येणं आणि तीन अंकी बेरीज-वजाबाकी एवढं यादीत असू द्या. एनआयओएसचे (केंद्राची मुक्त शाळा) अ, ब, क स्तर तिसरी, पाचवी, आठवीला समकक्ष आहेत. माध्यमिकसाठी वय किमान १४.

पलीकडचा

परदेशातल्यांसाठी पुरवणी. अमेरिकेत नियम राज्यागणिक. न्यू जर्सीत कळवायचंही बंधन नाही, शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये मात्र आधी सूचनापत्र, मग वर्षाचा आराखडा आणि तिमाही अहवाल. पेनसिल्व्हेनियात कामाची फाइल मूल्यमापकाला दाखवावी लागते. तिथे मोरपीस यांची वही आयती उपयोगी पडेल, फक्त तारखा टाका. जर्मनीत घरशाळेला परवानगी नाही, तिथे हे सगळं शाळेनंतरच्या मराठीपुरतंच.

तिथल्या मुलांना गणित इंग्रजीतच चालू ठेवा. ट्वेंटी-सेव्हनमध्ये क्रम सरळ आहे, उगाच सत्तावीस आणून दोनदा अडखळू नका. मराठी अंकनावं गोष्टीत, खेळात, पत्त्यांत येऊ द्या.

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, यादी पहिल्या पानावर डकवते. एक शेवटचं विचारते. धाकटीसाठी बोट फिरवून शिकायची खरखरीत अक्षरं घरी करायची आहेत. पॉलिश पेपर किती नंबरचा? आणि कापताना अक्षर उलटं का होतं?

तिरकी_रेघ

१२० किंवा १५० नंबर. ६० चा आणलात तर बोट सोलवटतं आणि मूल दुसऱ्या दिवशी हात लावत नाही. पुठ्ठा १५ × १५ सेंटिमीटर, अक्षराची रेघ एक सेंटिमीटर जाड. उलटं होतं कारण आपण पॉलिश पेपरच्या गुळगुळीत, मागच्या बाजूला आखतो आणि कापून पलटतो. आधी साध्या कागदावर अक्षर काढा, तो कागद उलटा करून खिडकीच्या काचेला लावा, दिसणारं उलटं अक्षर पॉलिश पेपरच्या मागच्या बाजूला उतरवा, मग कापा. जुनी कात्री घ्या, धार जाते. शिरोरेघ वेगळी पट्टी कापून शेवटी चिकटवा, म्हणजे बोट आधी अक्षरावरून आणि मग रेघेवरून फिरतं. पहिल्या दिवशी म, क, न, ल चारच करा. काना पाचवा, त्याला शिरोरेघेचा तुकडा लावायला विसरू नका.